किरकोळ मंडळी

जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या आमच्या घरमालकांच्या जेवणाच्या टेबलावर साडेतीन वर्षांत मी किती जीव घेतले ते मला आठवत नाही. त्यांना आठवतं, आणि तेही नावानिशी. मध्यंतरी फोनवर बोलताना मी सहज विचारलं, "काका, तो पुलावरचा कोण होता हो, ज्याला मी पहिल्याच दिवशी जाळला?" ते लगेच म्हणाले, "तुका. त्याची म्हैस व्यायला झाली होती." त्यानंतर बराच वेळ ते माझ्याशी जरा तुटकच बोलत होते.

मी पुण्याहून पीएचडीसाठी तिथे गेले तेव्हा तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्यांच्या घरातली वरची खोली मिळाली. सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही. पहिल्याच दिवशी मी त्यांच्यापुढे तो प्रसिद्ध कागद ठेवला, 'ही व्यक्ती माझ्या घरात राहायला आली आहे' असं घरमालकाने लिहून द्यायचा. त्याशिवाय नगरपालिकेत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, होत नाही, आणि त्याशिवाय बँक नाही, फोन नाही, काहीच नाही. काकांनी चष्मा लावून तो कागद तीनदा वाचला आणि परत दिला. म्हणाले, "आल्झो, इथे लिहिलंय, राहायला आली आहे. तुम्ही अजून राहिलात कुठे? बॅग तर दारात आहे. एक रात्र झोपा, सकाळी सही करतो." सकाळी सात वाजता त्यांनी जिन्यातून विचारलं, "झोपलात ना?" मी हो म्हटल्यावर सही झाली.

त्यांचा सगळा जन्म तिथल्या एका विजेच्या कंपनीत प्रुफफेल्डमध्ये गेला होता. नवीन बनवलेलं यंत्र बिघडेपर्यंत चालवून बघायची ती जागा. निवृत्त झाल्यावर बिघडवायला यंत्रं उरली नाहीत, तेव्हा ते घरातल्या वस्तूंकडे वळले. नवी छत्री आणली की आधी शॉवरखाली धरून बघायची. धुराचा अलार्म दर महिन्याच्या एक तारखेला वाजवायचा, आणि आम्ही दचकलो का तेही विचारायचं. त्यांचं प्रत्येक वाक्य 'आल्झो'ने, म्हणजे 'तर मग'ने, सुरू व्हायचं आणि बरीचशी 'तपासून पाहू' या शब्दांनी संपायची. मराठी मात्र अशी की मी खुद्द पुण्याची असून मला न्यूनगंड यावा. बोलताना 'आपण', 'कृपया', 'तत्पूर्वी' असले शब्द सहज यायचे. काकू सदाशिव पेठेतल्या, त्यासुद्धा इतकं नीटस बोलत नसत.

रविवारी दुपारी तीन वाजता मला खाली बोलावणं आलं. काकूच आल्या. म्हणाल्या, "अगं, चार माणसं लागतात म्हणे त्यांना, आणि तीनच आहेत. मी बसणार नाही. तू बस, मी तुला थालीपीठ देते."

टेबलावर वॉलपेपरच्या उरलेल्या गुंडाळीची पाठ पसरली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने नदी, पूल, किल्ला असं सगळं मोजून मापून काढलेलं होतं. हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, काय करतो ते तोंडाने सांगायचं, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. बाकी सगळं जग, म्हणजे पाऊस, राजा, राक्षस, चालवायचं काम काकांचं. त्याला तिकडे श्पीललायटर म्हणतात. फासेसुद्धा काकांनी तपासलेले. प्रत्येक फासा शेकडो वेळा टाकून पाहिलेला आणि जो जरा एका बाजूला झुकतो असं वाटलं तो बडतर्फ. बडतर्फ फाशांची एक बरणी होती. ते फासे काकू खड्यांऐवजी कुंडीच्या तळाशी टाकायच्या.

खेळणारे आम्ही तीन जण. शेजारचे हेर होल्त्स, म्हणजे श्रीयुत होल्त्स, निवृत्त बसड्रायव्हर, हे कुऱ्हाडवाले बुटके योद्धे झाले होते. काकांची नात अनिका, वय सतरा, केस निळे, ती तिरंदाज. मी चेटकीण झाले, कारण तेवढीच जागा शिल्लक होती.

पुलावर काकांनी आठ बटणं मांडली. शर्टाची जुनी, साधी, चार भोकांची. म्हणाले, "ही किरकोळ मंडळी."

"म्हणजे?"

"म्हणजे एका घावात मरणारे. यांची ताकद मोजत बसायचं नाही. लागला तर मेला. हेही मारतात, पण यांचा मार ठरलेला, दोन. त्यासाठी फासा टाकायचा नाही, वेळ जातो."

"मग यांना ठेवायचंच कशाला?"

काका खूश झाले. हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ते बरीच वर्षं थांबले असावेत. म्हणाले, "आल्झो. मोठा राक्षस असतो ना, त्याला पाडायला तीन रविवार लागतात. तीन रविवार माणूस नुसता मारतोय, मारतोय, काही होत नाही. घरी जाताना त्याला वाटतं, मी कशाला आलो. ते नको. रविवारी घरी जाताना माणसाला काहीतरी जमलं असं वाटायला पाहिजे. दहा जण एकदम अंगावर आले आणि त्यातले चार तुम्ही झोपवले, की तुम्ही शूर. तुम्हाला शूर करायला कोणीतरी पडावं लागतं. ते काम ही मंडळी करतात."

मला हे फारच पटलं. आठवडाभर प्रयोगशाळेत माझ्याकडून एकही गोष्ट झाली नव्हती. मी चेटकिणीचा अग्निगोल टाकला, फासा अठरा आला आणि पाच जण एका फटक्यात गेले. मी टाळ्याच वाजवल्या.

काकांनी पाच बटणं एकेक करून उचलली. हातात घेतलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा व्हायचा. पहिलं बटण म्हणालं, "सरकार, वाईच थांबा की! घरी म्हस व्यायला झालीया!" दुसरं म्हणालं, "म्या काय बी केलं न्हाई, म्या फकस्त मशाल धरतोय!" तिसऱ्याने नुसतंच, "आगं आई," म्हटलं. मग काका आपल्या नेहमीच्या स्वरात म्हणाले, "तुका, बाळू, रामा, सदू आणि दुसरा बाळू." आणि बटणं बशीत ठेवली. मी हातातलं थालीपीठ परत ताटात ठेवलं.

खेळाचा सिद्धांत उत्तम होता, पण मांडणाऱ्यालाच तो झेपत नव्हता, ही खरी गंमत. किरकोळ मंडळी पटकन मरावीत म्हणून असतात, आणि काकांना ती मारवत नसत. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाला धंदा, प्रत्येकाच्या घरी कोणीतरी आजारी. एकदा एका खिंडीत सहा जण आडवे आले. हेर होल्त्सनी कुऱ्हाड उगारली तशी सहाही जण गुडघ्यावर बसले. आता शरण आलेल्यांचं काय करायचं? त्यांना जेवायला घालायला पाहिजे, मग चूल, मग लाकडं, मग त्यांच्यातल्या एकाला पलीकडच्या गावचा पाटील ओळखीचा निघाला. ती खिंड पार करायला आम्हाला तीन रविवार लागले आणि त्यात एकही घाव पडला नाही. शेवटी काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, एकदा काय ते मारा नाहीतर सोडा त्यांना. पोह्यांचं पार चामडं झालं."

या मंडळींना जर्मन येत नसे. हा काकांचा कडक नियम होता. राजा जर्मन बोले, मोठा राक्षस जर्मन बोले, दुकानदार तर तिथल्या अस्सल फ्रांकेन प्रांताच्या बोलीत बोले. किरकोळ मंडळी तेवढी मराठीत, आणि तीही असली गावरान. हेर होल्त्सना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी दोनतीन शब्द त्यांनी उचलले होते. फासा वाईट पडला की ते दोन्ही हात वर करून ओरडायचे, "नगा, नगा, सरकार!" काकू आतून म्हणायच्या, "नगा काय नगा? त्या बिचाऱ्यांना 'नका' म्हणायला तरी शिकवा." मग आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच हसायचे. काका नक्कल फार झकास करतात, असं मी घरी आईलाही कळवलं होतं. हेर होल्त्सचा अभिप्राय विचारला की ते म्हणत, "पास्त शो." म्हणजे ठीक आहे. त्या भागात याहून मोठी शाबासकी कोणी कोणाला देत नाही.

अनिकाबद्दल सांगायला हवं. काकांच्या मुलीची ही मुलगी. नावात एकच 'न' असावा म्हणून काका जन्मनोंदणीच्या कचेरीत तासभर उभे राहिले होते, कारण दोन 'न' घातले की ती जर्मन अनिका होते. एका 'न'ची लढाई त्यांनी जिंकली, आणि मराठीची केव्हाच हरून बसले होते. अनिकाची आई तीन वर्षांची असताना बालवाडीच्या बाईंनी सांगितलं होतं की घरी फक्त जर्मन बोला, नाहीतर पोरीचा गोंधळ होईल. तेव्हा सगळ्याच आईबापांना तसं सांगत. बाकीचे मान डोलावून घरी आले आणि आपापल्या भाषेत पोरांना रागावले. काकांनी मात्र नियम म्हणजे नियम, म्हणून सोमवारपासून अंमल सुरू केला. मुलगी उत्तम जर्मन बोलू लागली आणि तिचं मराठी संपलं. नातीशी काकू हट्टाने मराठी बोलल्या म्हणून तिला कळायचं तरी सगळं. उत्तर मात्र जर्मनमध्ये.

"अनिका, चहा घेतेस का गं?"

"नाइन, डांके."

"पोळी वाढू?"

"गेर्न."

'नको, थँक्यू' आणि 'हो, चालेल' जर्मनमध्ये, बाकी मराठीत, असा त्या दोघींचा संवाद वर्षानुवर्षं सुखाने चालला होता. काकांनी कधी त्यात नाक खुपसलं नाही. आपला हक्क आपणच घालवलाय असं त्यांना वाटत असावं.

मग एका रविवारी अनिकाने फासे टाकता टाकता जाहीर केलं की शाळेची शेवटची परीक्षा झाली की ती दोन महिने आक्कांकडे जाऊन राहणार आहे. एकटीच.

आक्का म्हणजे काकांची मोठी बहीण, त्र्याऐंशी वर्षांची, कोल्हापूरजवळच्या गावात राहणारी. काका चार वर्षांचे असताना आई गेली, तेव्हापासून आक्कांनीच त्यांना वाढवलं. आक्कांना मराठीखेरीज काही येत नाही. दर शनिवारी त्यांचा फोन यायचा आणि शेवटी अनिकाला पडद्यासमोर उभं करायचे. ती हात हलवायची, आक्का हात हलवायच्या, संपलं.

त्या आठवड्यात काका जिना पुसत होते आणि मी वरून खाली येत होते. मला थांबवून ते हळूच म्हणाले, "आक्का मला काय विचारते माहितीय? नात मुकी आहे का रे? मी म्हणतो, नाही, लाजाळू आहे. दोन महिने ही तिथे बसणार आणि दोघी नुसता हात हलवणार. आक्काचं वय बघता पुन्हा भेट होईल असं काही सांगता येत नाही. हे एवढं व्हायला पाहिजे हो." मग पुन्हा फडका पिळू लागले. काका स्वतःसाठी काही मागताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं.

परीक्षेला सहा महिने होते. पुढच्या रविवारी काकांनी अनिकासमोर आठ बटणं सारली. "आल्झो, आजपासून किरकोळ मंडळी तू चालव."

"इश?" अनिका म्हणाली. मी?

"गेनाऊ, तूच. एका घावात मरणाऱ्याला एकच वाक्य लागतं. एकच पाठ कर. मेलास की सुटलास."

शिकवण्याची इतकी हुशार युक्ती मी पीएचडीच्या कुठल्याही मार्गदर्शकाकडे पाहिली नाही. त्या पोरीला मराठी बोलायची लाज वाटत होती ती स्वतः म्हणून बोलायची. बटण म्हणून बोलायला काय जातंय? शिवाय चुकली तरी बटण मरणारच होतं. पहिल्या रविवारी तिने आठ वाक्यं म्हटली. काका कानात सांगायचे, ती मोठ्याने ओरडायची आणि हेर होल्त्स कुऱ्हाड घालायचे. दुसऱ्या रविवारी सोळा झाली. दीड महिन्यात काकांनी कानात सांगायचं थांबवलं. महिना आणखी गेला आणि मंडळी मरायचंच टाळू लागली, कारण अनिका त्यांच्या तोंडून घासाघीस करू लागली होती. "सरकार, मी जातो की. मला कशाला मारता? त्यो बघा, तिकडं मोठा हाय!" असं म्हणून तिने एकदा माझ्या चेटकिणीला साफ चुकीच्या गुहेत पाठवलं. काका त्या दिवशी इतके हसले की त्यांचा चष्मा पुसायला काकूंना यावं लागलं.

आणि इथे माझ्यातली पुणेरी बाई जागी झाली.

अनिका आता टेबलाबाहेरही मराठी बोलायला लागली होती आणि ती मराठी ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. सगळी मंडळी पुरुष, म्हणून ही आपली 'मी येतो, मी जातो, मी दमलो'. सगळी मंडळी गयावया करणारी, म्हणून ही पाणी मागायची ते "वाईच पानी द्या की" असं. काकूंना तिने एकदा वाकून म्हटलं, "चूक झाली सरकार," आणि काकूंच्या हातातलं भांडं पडलं.

मी काकांना गाठलं. "काका, ती 'मी येतो' म्हणते हो! आणि ते 'हाय' न् 'न्हाई'. आक्कांसमोर अशी बोलली तर काय म्हणतील त्या? कोणी शिकवलं म्हणतील?"

काकांचा चेहरा उतरला. ते हातातला फासा फिरवू लागले. मग म्हणाले, "मी पुण्याला इंजिनियरिंगला आलो ना, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये कोणीतरी हाक मारली. मी म्हणालो, 'मी जेवालोय.' म्हणजे जेवतोय. अख्खं टेबल हसलं. पुढे वर्षभर मला त्याच नावाने हाक मारायचे, जेवालोय. मी मात्र लगेच सुधारलो."

"बरं झालं ना काका, वेळेत सुधारलात," मी म्हणाले.

"हो," काका म्हणाले. "सहा आठवड्यांत." मग फासा टेबलावर ठेवत, "तुम्ही बघा तिचं. तुमचं शुद्ध आहे."

हे वाक्य मी त्या वेळी शाबासकी म्हणून घेतलं. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पुढचा दीड महिना दर गुरुवारी दुपारी मी आणि अनिका कोपऱ्यावरच्या बेकरीत बसलो. मी वहीत दोन रकाने आखले, तो येतो, ती येते. अनिका चक्क्यासारख्या क्वार्कचा केक खात ऐकायची. ती म्हणायची, "वारूम? का? मी तर मीच आहे. माझ्यात मुलगा-मुलगी कशाला?" मी म्हणायचे, मराठीत असतं. ती म्हणायची, "ओपाच्या लोकांत नाही." ओपा म्हणजे आजोबा. मी म्हणायचे, ओपाचे लोक बटणं आहेत. वही भरत आली आणि ती जाताना नेमाने म्हणायची, "बरं, मी जातो."

काकांनीही आपल्या परीने तयारी केली. निघायच्या आदल्या रविवारी खेळ झालाच नाही. त्यांनी अनिकाला एक कागद दिला, आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं ते इमारतीत लावतात तसा, प्लास्टिकमध्ये बंद केलेला. त्यावर वाक्यं होती. 'माझे नाव अनिका आहे.' 'मी आपणांस नमस्कार करते.' 'मला पाणी मिळेल का?' 'भोजन रुचकर होते.' अनिकाने सगळी वाचून दाखवली आणि एकही चुकली नाही. पण वाचताना ती पुन्हा पूर्वीची, हात हलवणारी अनिका झाली होती. काकांना ते दिसलं की नाही कोण जाणे. ते फक्त म्हणाले, "विमानात एकदा वाच."

ती गेली. पोचल्याचा मेसेज आला, मग तीन दिवस काही नाही. त्या तीन दिवसांत काकांनी धुराचा अलार्म दोनदा तपासला, आणि ती एक तारीख नव्हती.

रविवारी तीन वाजता फोन करायचं ठरलं होतं. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. टेबलावर नकाशा नव्हता, मधोमध काकांचा टॅब्लेट उभा केलेला होता. हेर होल्त्सही आले होते. काही कळणार नव्हतं तरी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. काकू पदराशी चाळा करत उभ्या होत्या. मी काकांच्या मागे उभी राहिले, वहीतले दोन रकाने डोळ्यांसमोर आणत.

पडदा उजळला. आधी आक्कांचं नुसतंच कपाळ दिसलं, मोठं कुंकू लावलेलं. मग कोणीतरी फोन मागे घेतला आणि शेजारी निळ्या केसांची अनिका आली.

"ओपा! मी जेवलो! लई जेवलो! आक्का नुसतं खा खा म्हणती!"

मी डोळेच मिटले. तो प्लास्टिकमधला कागद बहुधा विमानातच राहिला होता.

"आरं, कुठनं धाडलीस ही पोरगी?" आक्कांचा आवाज एवढा खणखणीत होता की काकांनी टॅब्लेट जरा लांब सरकवला. "मी सकाळधरनं बोलतोय हिच्यासंगं. मी दमलो, पर ही काय दमंना."

मी डोळे उघडले. मी बोलतोय. मी दमलो. त्र्याऐंशी वर्षांची, नऊवारी नेसलेली बाई हे म्हणत होती. कोल्हापूरकडे बायकाही असंच बोलतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजात आमच्या वर्गात तिकडची एक मुलगी होती आणि तिच्या 'मी येतो'ला आम्ही चार वर्षं हसलो होतो. पण ते या घराशी, या टेबलाशी जोडून बघायचं मला एकदाही सुचलं नाही. दीड महिना मी त्या पोरीला तिच्याच आजोळच्या बोलण्यातून बाहेर काढायला धडपडत होते, आणि काका गप्प बसून मला ते करू देत होते.

"मला वाटलं हुतं, जर्मनीची पोर, काय बोलंल न् काय न्हाई," आक्का सांगत होत्या. "तर दारातच म्हणाली, 'आक्का, मी आलो. वाईच पानी द्या की.' माझ्या डोळ्याला धारच लागली बघ. आई आशीच बोलायची. तुला कुठलं आठवाय, तू बारका हुतास." मग त्या अनिकाकडे वळल्या. "कोन शिकवलं गं तुला?"

"ओपानं," अनिका म्हणाली.

"ह्यानं?" आक्का हसल्याच. "त्याला कुठलं येतंय! पुण्याला गेला आन् तिथंच इसरला. चाळीसपन्नास वर्सं झाली, माझ्यासंगं फोनवर बातम्या सांगितल्यागत बोलतोय. आपन कशा आहात म्हनं!"

"न्हाई आक्का," अनिका ठासून म्हणाली. "ओपाला समदं येतंय. मी ऐकलंय."

आक्कांचं हसू थांबलं. त्या पडद्याच्या अगदी जवळ आल्या आणि पुन्हा नुसतं कपाळ आणि डोळे दिसू लागले. "खरं काय रं?" त्यांनी विचारलं.

मला काकांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती आणि ती लाल झाली होती. आता ते म्हणणार, 'आल्झो, आक्का, आपण म्हणता ते बरोबर आहे,' असं मी धरूनच चालले होते. माझ्यासमोर, काकूंसमोर ते दुसरं काही बोलतील असं मला वाटत नव्हतं. मेसमधलं ते टेबल त्यांच्या मागेच तर उभं होतं.

"व्हय आक्का," काका म्हणाले. मघाशी लांब सरकवलेला टॅब्लेट त्यांनी जवळ ओढला आणि पुन्हा म्हटलं. "व्हय. येतंय मला. इसरलो न्हाई म्या."

"मग बोल की रं भाड्या," आक्का म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं.

काका बोलू लागले. विहिरीचं विचारलं, कुणाच्या म्हशीचं विचारलं, पडलेल्या भिंतीचं विचारलं. हळूहळू ते खुर्चीत पुढे सरकले, हात हलवायला लागले, मोठ्याने हसले, आक्कांना 'गप गं' म्हणाले. हेर होल्त्स माझ्याकडे बघून भुवया उडवत होते, कारण त्यांना तो आवाज पुरता ओळखीचा होता. दर रविवारी ते त्याच आवाजाचा जीव घेत आले होते.

काकू माझ्याजवळ आल्या. नवऱ्यावरची नजर न काढता हळूच म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं मला वाटायचं, हे नक्कल करतायत."

नक्कल ते आमच्याशी बोलताना करत होते.